एकेक वाडा नव्हे, अख्खी आळी जपावी

मा. संपादक,

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की राज्यातील अनेक नगरपरिषदा जुन्या घरांच्या दारांवर धोकादायक इमारतीच्या नोटिसा लावतात, आणि एखादी भिंत कोसळून कोणी दगावले की दोन-चार दिवस त्या घरांची चर्चा होते. माणसाच्या जिवाला धोका असेल तर तो सर्वांत आधी दूर झाला पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु या नोटिशीनंतर पुढे काय काय घडते, हे स्थापत्य अभियंता म्हणून मी बरीच वर्षे पाहत आलो आहे आणि त्यातून माझे जे मत बनले आहे ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आपल्या लहान गावांतील जुनी घरे एकेकटी वाचवता येत नाहीत. ज्या आळीत ती ओळीने, खांद्याला खांदा लावून उभी आहेत, ती आळी एकत्र जपली तरच ती टिकतील. आपला कारभार मात्र एकतर स्मारकाचा विचार करतो, नाहीतर एकट्या घराचा. आळीचा विचार करायला आपण अजून शिकलेलो नाही.

वाईचेच उदाहरण घ्यावे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर पाहायला लोक दुरून येतात, तेथून जवळच असलेल्या मेणवलीला जाऊन नाना फडणीसांचा सहा चौकांचा वाडा आणि त्यामागचा घाटही पाहतात. ही दोन्ही ठिकाणे पाहण्यासारखी आहेतच. परंतु वाईत गंगापुरी, मधली आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी ही नावे जशी कृष्णेवरच्या घाटांची आहेत तशीच ती वस्तीचीही आहेत. घाट आणि त्याच्या पाठीमागची घरे ही एकाच रचनेची दोन अंगे आहेत. घाटाचे छायाचित्र काढून पाहुणा परत फिरतो आणि त्या आळीतून चालत जात नाही. चांदवडला अहिल्याबाई होळकरांच्या रंगमहालातील कोरीव लाकूडकाम पाहणाऱ्याचे आणि सासवडला पुरंदरे वाड्याचे भक्कम प्रवेशद्वार पाहणाऱ्याचेही असेच होते. मोठ्या वास्तूला नाव असते, इतिहासात जागा असते, तिच्या बाजूने बोलणारे कोणीतरी असते. आळीतल्या लहानशा, तीन किंवा पाच खणी घराला यातले काहीच नसते.

वास्तविक अशी एखादी आळी सावकाश पाहिली तर दोनशे वर्षांचे बांधकाम आपल्याला ओळीने वाचता येते. पेशवाईच्या उत्तरार्धातील किंवा त्या पद्धतीने बांधलेले घर जोत्यावरून ओळखावे. काळ्या पाषाणाच्या घडीव चिऱ्यांचे, माणसाच्या कमरेइतके किंवा त्याहून उंच जोते, त्यावर सागाच्या खांबांचा आणि तुळयांचा सांगाडा, खांबाखाली ओल वर चढू नये म्हणून दगडी तळखडा, आणि सांगाड्याच्या मधल्या जागेत विटांची किंवा पांढऱ्या मातीची भर. दगड खाली आणि लाकूड वर, ही या घरांची मूळ मांडणी आहे. म्हणूनच १८२८ च्या आगीनंतर पुण्याच्या शनिवारवाड्याची जोती, कारंजी आणि तट राहिले, पण वरचे मजले संपूर्ण नाहीसे झाले. रस्त्याच्या बाजूने या घरांचा चेहरा बंदिस्त असतो. मोठ्या दरवाजातील दिंडी म्हणजे लहानसे दार, चौकटीवरील गणेशपट्टी, दरवाजामागे भिंतीत सरकणारा अडसर, आणि खालच्या मजल्यावर खिडक्या असल्याच तर अगदी मोजक्या. उजेड आणि वारा घेण्याचे काम आतला चौक करतो. चौकाच्या भोवती ओसरी, सोपा आणि माजघर, वर कडीपाट टाकलेली माडी, आणि चारही छपरांचे पाणी चौकात उतरून पन्हळीवाटे बाहेर जाण्याची व्यवस्था, असा हा सगळा हिशेब आहे. घर किती मोठे हे त्या काळी चौरस फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे खण. त्यामुळे घराचे माप आणि घराचा सांगाडा एकाच शब्दात येत असे. आपल्या भाषेतला हा शब्द साडीच्या चोळीपुरता उरला, याचे मला वाईट वाटते.

त्याच आळीत चार घरे पुढे गेले की चेहरा बदलतो. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि त्यानंतरच्या काही दशकांत कुंभाराच्या चाकावरच्या नळीच्या कौलांची जागा साच्यातल्या चपट्या मंगळुरी कौलांनी घेतली. रेल्वेने बिडाचे खांब आणि नक्षीदार कठडे गावोगाव पोहोचवले, बंदरांतून ब्रह्मदेशचा साग येऊ लागला. घरांनी रस्त्याकडे तोंड फिरवले. पहिल्या मजल्यावर लांबच लांब सज्जा आला, दरवाजांवर अर्धवर्तुळाकार कमानीत रंगीत काचा आल्या, छपराच्या कडेला कातीव लाकडी झालर आली. पुण्याच्या विश्रामबागवाड्यात १८०७ च्या सुमारास सुरूच्या आकाराचे जे खांब आणि केळफुलांच्या ज्या नक्ष्या कोरल्या गेल्या, त्यांचे साधे, कमी खर्चातले रूप या घरांच्या दर्शनी भागावर कितीतरी दिवस टिकून राहिले. बिडाचा कठडा आणि केळफूल एकाच सज्ज्यावर शेजारी शेजारी दिसतात. असे घर पाहताना ते शुद्ध कोणत्या शैलीचे असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. सुताराला आजोबांकडून आलेले आणि आगगाडीने आलेले, दोन्ही त्याच्या हाती होते आणि त्याने दोन्ही वापरले.

आणखी पुढे सिमेंट काँक्रीटची पहिली पिढी भेटते. १९३० ते १९५० या काळातील ही घरे आपण जुनी मानतच नाही, त्यामुळे ती सर्वांत झपाट्याने पाडली जात आहेत. कोपऱ्यावर गोलाई घेतलेली बाल्कनी, उगवत्या सूर्याच्या आकाराची लोखंडी जाळी, खिडक्यांवरून सलग जाणारा काँक्रीटचा छज्जा, जिन्यात रंगीत सिमेंटच्या नक्षीच्या फरशा, आणि दर्शनी भिंतीवर गिलाव्यात उठवलेले घराचे नाव व शके किंवा इसवी सन. स्वदेशीच्या प्रेरणेने १९२२ साली स्थापन झालेल्या भारत फ्लोअरिंग टाइल्ससारख्या कंपनीमुळे अशा फरशा परदेशातून मागवण्याची गरज कमी झाली होती. मुंबईतील मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या परिसरातील आर्ट डेको इमारतींना व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. त्याच शैलीची दोन मजली धाकटी भावंडे तालुक्याच्या गावांत उभी आहेत, आणि ती कोणत्याही यादीत नाहीत.

आता ही ओळ मोडते कशी, ते सांगतो. आळीतील बहुतेक घरांची बाजूची भिंत सामाईक असते किंवा दोन भिंती एकमेकींना टेकून असतात. या भिंती पावसाला तोंड देण्यासाठी बांधलेल्याच नव्हत्या. त्यांच्या आत मातीची भर आहे, बाहेर चुन्याचा गिलावा नाही, आणि शेजारच्या घराच्या तुळयांची टोके त्यांत रुतलेली आहेत. मधले एक घर पाडले की दोन्ही बाजूंच्या घरांच्या या कच्च्या भिंती उघड्या पडतात. तुळया कापल्यामुळे आधार जातो, कापलेल्या टोकांच्या भोकांतून पाणी आत शिरते, आणि एक-दोन पावसाळ्यांत त्या भिंतींना पोट सुटते. मग धोकादायक इमारतीची पुढची नोटीस त्या घराला लागते. पाहणी करणारा अभियंता प्रामाणिकपणे लिहितो की भिंत धोकादायक आहे, आणि ते खरेही असते; परंतु ती धोकादायक कशामुळे झाली याचा रकाना त्या अर्जात नसतो. पाडकामाची परवानगी देतानाच शेजारच्या भिंतीला टेकू द्यावा आणि ती तात्पुरती तरी झाकावी, अशी सक्तीची अट घातली गेली असती तर कित्येक घरे आज उभी असती, असे मी जबाबदारीने म्हणतो.

दुसरे कारण पायाखालीच आहे. दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर पडतो, हल्ली तो काँक्रीटचा असतो, आणि आधीचा थर खरवडून काढण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. हळूहळू जोत्याच्या पायऱ्या एकेक करून रस्त्याखाली जातात. ज्या ओट्यावर चढून जावे लागत असे तो रस्त्याच्या पातळीला येतो, चौकातली पन्हळ जिथे मोकळी होत असे ते तोंड बुजते, आणि तुंबलेले पाणी उलटे घरात शिरते. तळखड्यांवर उभे असलेले खांब, ज्यांना ओलीपासून दूर ठेवण्यासाठी एवढा खटाटोप केला होता, ते आता वर्षातले चार महिने ओलीत उभे असतात. घरमालकाने काहीही न करता त्याचे घर असे खालून कुजत जाते, आणि हे सार्वजनिक पैशातून होते. रस्ता करताना जुना थर काढून मूळ पातळी राखावी, एवढी एक अट पाळली तरी या घरांचे आयुष्य वाढेल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, वेगळा निधीही फारसा लागत नाही.

कायद्याचे बोलायचे तर परिस्थिती विचित्र आहे. केंद्राच्या १९५८ च्या कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित होऊ शकते, राज्याचाही १९६० चा कायदा आहे. पण हे कायदे किल्ले, लेणी, मंदिरे यांच्यासाठी योग्य आहेत. लोक राहत असलेल्या, दर वर्षी कौले शेकारायच्या, मोरीची फरशी बदलायच्या घराला त्यांची चौकट मानवत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ मध्ये विकास योजनेतून वारसा इमारती आणि वारसा परिसर जपण्याची तरतूद आहे. मुंबईत १९९५ पासून वारसा नियम लागू आहेत आणि त्यांतही इमारतींबरोबर परिसरांची यादी करता येते. म्हणजे परिसर हा शब्द आपल्या कायद्यात आहे. लहान गावाची विकास योजना तयार होते तेव्हा मात्र त्या नकाशावर एखादे मंदिर आणि एखादा मोठा वाडा यांच्यापलीकडे खूण क्वचितच पडते, आणि जुन्या आळीवरून रस्तारुंदीची रेषा मात्र न चुकता ओढली जाते. त्या रेषेमुळे नवे घर मागे सरकते, शेजारचे जुने घर पुढे राहते, आणि जी भिंतींची सलग ओळ आळीला आळीपण देत होती ती दात पडल्यासारखी दिसू लागते.

हस्तांतरणीय विकास हक्काचा उपाय अनेकदा सुचवला जातो. वारसा घराच्या मालकाने न वापरलेला चटईक्षेत्राचा, म्हणजे त्या जागेवर अनुज्ञेय असलेल्या बांधकामाचा, हक्क दुसरीकडे विकावा आणि त्या पैशांतून घर राखावे, ही कल्पना मोठ्या शहरात चालू शकते, कारण तेथे तो हक्क विकत घेणारा बांधकाम व्यावसायिक असतो. तालुक्याच्या गावात जमीन तुलनेने मोकळी असते आणि हक्काला गिऱ्हाईक नसते. मोठ्या शहराचा उपाय जसाच्या तसा लहान गावाला लावून आपण काहीतरी केले असे समाधान मानून घेऊ नये.

घरमालकांना दोष देणे सोपे आहे आणि ते मला मान्य नाही. एका सात किंवा बारा खणी घराला आज आठ-दहा वारस असतात, त्यांतले निम्मे पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असतात, आणि जे राहतात त्यांच्याकडे दुरुस्तीचा पैसा नसतो. भाडेकरू असेल तर १९४७ च्या आणि त्यानंतर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे भाडे इतके अल्प असते की वर्षाच्या भाड्यात छपराची एक बाजूही शेकारून होत नाही. कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी मालकावर आहे, पण तिच्यासाठी उत्पन्न नाही. अशा वेळी कोणी बांधकाम व्यावसायिक प्रत्येक वारसाला एकेक सदनिका देऊ करतो तेव्हा नकार देण्यासाठी त्या कुटुंबाजवळ कोणते कारण उरते? आळी जपावी असे समाजाला वाटत असेल तर त्याचा भार एकट्या कुटुंबाने का उचलावा, या प्रश्नाचे उत्तर आपण द्यायला हवे. घरपट्टीत भरीव सूट, दुरुस्तीसाठी अल्प व्याजाचे कर्ज आणि दुरुस्तीचा परवाना विनाशुल्क व ठरावीक मुदतीत, एवढे तरी नगरपरिषदेला आणि शासनाला सहज करता येईल.

सुरक्षिततेचा मुद्दा मी टाळू इच्छित नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जी घरे जीवघेणी ठरली ती जुन्याच पद्धतीची होती: मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या रुंद भिंती आणि वर मातीच्या जाड थराचे माळवद. त्यामुळे जुने ते सगळे चांगले, असे म्हणण्याचा मोह मी होऊ देत नाही. परंतु त्याच भागात असेही आढळले की जेथे लाकडी खांबांचा खणाचा सांगाडा नीट सांधलेला होता, तेथे दगडी भिंती ढासळूनही छप्पर पुष्कळदा खांबांवर उभे राहिले. यावरून घ्यायचा बोध असा की घराचे वय पाहू नये, सांगाडा पाहावा. तुळईचे टोक कुजले आहे का, खांब आणि तुळई यांचा सांधा सुटला आहे का, भिंत सांगाड्याला धरून आहे की वेगळी झाली आहे, हे हाताने तपासून सांगणारा माणूस लागतो. कुजलेले टोक कापून नवे लाकूड सांधता येते, भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी बांधून घेता येते. नगरपरिषद अधिनियमातही धोकादायक इमारतीबाबत पाडण्याबरोबर दुरुस्तीचा आणि आधार देण्याचा मार्ग आहे. प्रत्यक्षात मात्र पाडा असे लिहिणे अधिकाऱ्याला सुरक्षित वाटते, कारण दुरुस्ती सुचवून पुढे काही झाले तर जबाब त्याला द्यावा लागतो. पारंपरिक बांधकाम जाणणाऱ्या अभियंत्यांची जिल्हावार यादी शासनाने केली आणि त्यांचा अहवाल ग्राह्य धरला, तर त्या अधिकाऱ्याच्या डोक्यावरचे ओझेही कमी होईल.

दुरुस्ती चुकीची झाली तर मात्र ती पाडण्यापेक्षाही घातक ठरते. चुना आणि पांढरी माती यांच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की आत शिरलेली ओल बाहेर पडू शकत नाही. भिंत बाहेरून कोरडी आणि टणक दिसते व आतून तुळयांची टोके कुजत राहतात. लाकडावर तैलरंगाचे थर चढवले की तेच होते. चुन्याची घाणी फिरवणारे, चुना भिजवून मुरवणारे गवंडी आता थोडे राहिले आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून गवंडीकाम आणि सुतारकाम शिकणाऱ्या मुलांना चुन्याचे आणि जुन्या सांध्यांचे काम शिकवले तर त्यांना गावातच रोजगार मिळेल, हे मी अनुभवावरून सांगतो, कारण असे काम जाणणारा कारागीर शोधायला मला स्वतःला अनेकदा तीन-तीन तालुके फिरावे लागले आहे.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आळी जपा म्हणताना केवळ सरदार-सावकारांची घरे डोळ्यांपुढे आणू नयेत. कोणी कोणत्या आळीत राहायचे हे एके काळी जातीने ठरत असे, आणि तो अन्याय या रचनेत दगडासारखा बसलेला आहे; तो लपवून या घरांचे कौतुक करणे योग्य होणार नाही. जोत्याचे चिरे घडवणारे पाथरवट आणि वडार, सज्जे कोरणारे सुतार, कौले भाजणारे कुंभार यांची नावे कोणत्याही चौकटीवर कोरलेली नाहीत. त्यांची स्वतःची घरे लहान होती, पुढे कामाचा ओटा आणि मागे राहण्याची खोली अशी, आणि यादी करणाऱ्यांच्या नजरेतून तीच सर्वांत आधी सुटतात. पुण्याच्या तांबट आळीत आजही घराच्या तळमजल्यावर भांडी ठोकण्याचा आवाज येतो. घर आणि काम एकत्र असण्याची ती रीत मोठ्या वाड्याइतकीच नोंदवण्याजोगी आहे. अहमदाबादच्या जुन्या शहराला २०१७ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली ती काही मोजक्या हवेल्यांमुळे नव्हे. लाकडी घरांच्या पोळी, म्हणजे आपल्या भाषेत आळ्या, त्या मान्यतेच्या केंद्रस्थानी होत्या.

म्हणून माझी विनंती प्रत्येक नगरपरिषदेला अशी आहे की, पुढच्या पावसाळ्यातील नोटिसा लावण्याआधी, या हिवाळ्यातच, गावातील एक तरी जुनी आळी दोन्ही बाजूंनी पूर्ण मोजून घ्यावी. वास्तुशास्त्र महाविद्यालयांचे विद्यार्थी असे काम आनंदाने करतात. प्रत्येक घराचे जोते, सांगाडा, छप्पर, दर्शनी भाग, सामाईक भिंती, रस्त्याची आजची पातळी आणि दिसत असेल तेथे मूळ पातळी यांचा एक सलग नकाशा तयार व्हावा, आणि तो नगरपरिषदेच्या भिंतीवर नागरिकांना पाहता येईल असा लावावा. पाडकामाचा कोणताही अर्ज आला की तो त्या नकाशावर ठेवून आजूबाजूच्या दोन घरांचे काय होईल याचे उत्तर लेखी घेतल्याखेरीज परवानगी देऊ नये. जे घर खरोखरच वाचवण्यापलीकडे गेले असेल त्याच्या जागी नवे बांधताना दर्शनी भिंत जुन्या ओळीतच यावी आणि उंची शेजारच्या घरांशी जुळावी, एवढे बंधन पुरेसे आहे. नव्या घराने जुन्याचे सोंग घ्यावे असे माझे म्हणणे नाही. पाडकामातून निघालेले खांब, तुळया, चौकटी आणि घडीव चिरे आज वजनावर विकले जातात. ते नगरपरिषदेच्या एखाद्या मोकळ्या जागेत नोंद करून ठेवले आणि त्याच आळीतील दुरुस्तीसाठी रास्त दराने दिले, तर नवीन साग विकत घेणे ज्यांना परवडत नाही अशा कुटुंबांना कुजलेली तुळई बदलता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता